खांब गेले, नक्षी उरली

तुर्भ्यात किंवा नवी मुंबईच्या दुसऱ्या कुठल्याही नोडमध्ये घराचा भार आरसीसीच्या खांबांवर आणि बीमवर असतो. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि हे शहर उभे राहू लागले, तेव्हा लाकूड बांधकामातून केव्हाच बाजूला पडले होते. आज दिवाणखान्यात मांडलेले लाकडी शिल्प मूळचे कशाचा भाग होते, हे त्यामुळे विसरायला होते. मराठी घरात कोरीव लाकूड निव्वळ शोभेसाठी क्वचितच घडले; ते घराच्या सांगाड्यातच असायचे. वाडा मोजायचा तो खणांनी, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांनी. सुतार खांब, तुळई, कडीपाट असे काम करी आणि जिथे भार पेलला जाई तिथेच नक्षी काढी. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्याचे सुरूच्या घाटाचे सागवानी खांब आणि त्यांवरची केळफुले पाहावीत. फूल सुंदर खरे, पण त्याच्या डोक्यावर माडी उभी आहे. दारावरच्या गणेशपट्टीतला गणपतीही चौकटीच्या लाकडातूनच कोरलेला. पुढे वाडे पडले. 12 जुलै 1961 च्या पानशेत पुरात पुण्यातले कितीतरी गेले. कोरीव दारे-खिडक्या भिंतींपासून सुटल्या, काही केळकर संग्रहालयात आल्या, आणि नक्षीकडे सुटी वस्तू म्हणून पाहण्याची सवय लागली.

यावर कोणी सावंतवाडीचा दाखला देईल: तिथली लाकडी फळे आणि खेळणी तर पहिल्यापासून सुटीच होती. होती, पण तीही रिकामी नव्हती. भातुकली खेळण्यासाठी होती, रंगीत पाट-चौरंग लग्नकार्यात आणि पूजेत लागत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वाडाच नाही, तर फ्लॅटमधली नक्षी ही नुसती नक्कल नव्हे काय? मशीनवर एकसारखी कोरून भिंतीला डकवलेली पट्टी असेल, तर नक्कलच. पण त्याच फ्लॅटमधला देव्हारा पाहा. चार छोटे खांब, मधे महिरप, वर कळस: वाड्याची रचना तिथे लहान होऊन टिकली आहे, कारण तिथे रोज दिवा लागतो. नक्षी टिकते ती उपयोगाच्या आधाराने. म्हणून रिकामी भिंत भरायला शिल्प शोधण्यापेक्षा दाराच्या चौकटीचे माप घ्यावे आणि हाताने कोरणाऱ्या सुताराला गणेशपट्टी करायला सांगावी.