कृष्णाकाठच्या समाधी

लोकनेत्यांची चरित्रे लिहिणारे लेखक नायकाचे जन्मगाव, शिक्षण, तुरुंगवास व भूषविलेली पदे यांची नोंद मोठ्या काळजीने करतात. परंतु त्याच्या देहावर अखेरचा संस्कार कोठे झाला, व तेथेच का झाला, हे सांगण्यास त्यांची एक ओळही बहुधा खर्ची पडत नाही. आमच्या मते ही उणीव लहान नव्हे. जन्मस्थान कोणाच्याही हातचे नसते. अखेरची जागा मात्र माणूस स्वतः तरी निवडतो, किंवा त्याच्यावर माया करणारी माणसे तरी निवडतात. म्हणून तो कोणाचा होता, हे त्या जागेवरून पुष्कळदा अधिक खरेपणाने कळते. याच दृष्टीने जुन्या सातारा जिल्ह्यातील काही स्थळांचा परिचय वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

जुना सातारा जिल्हा असे आम्ही मुद्दाम म्हणतो. 1949 साली या जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि 1960 साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. कागदावर दोन जिल्हे झाले तरी कृष्णामाई एकच राहिली. आपणही तिच्या प्रवाहाबरोबरच खाली जाऊ.

प्रथम ‘समाधी’ या शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. आपल्याकडे भूमिसंस्कार होतो तो संन्याशाचा, गोसाव्याचा व लिंगायत बांधवांचा. मुसलमान व ख्रिस्ती बांधवांचे दफन होते. इतर बहुतेक गृहस्थांस अग्नी दिला जातो, तिसऱ्या दिवशी रक्षा सावडली जाते आणि अस्थी नदीत सोडल्या जातात. मागे काही उरू नये, असाच या संस्काराचा भाव. तरीही माणसाच्या मनाला कोठे तरी एक खूण हवी असते. रणात पडलेल्या वीराचा वीरगळ, अग्निस्थानावर बांधलेले तुळशीवृंदावन, राजपुरुषांच्या छत्र्या ही सर्व त्याच ओढीची रूपे होत. पुढाऱ्यांच्या समाधी त्यांचीच धाकटी भावंडे आहेत. बहुतेकींच्या खाली देह नाही. जेथे चिता पेटली, तेवढी भूमी आहे. 1948 साली दिल्लीस राजघाटावर महात्माजींस अग्नी दिला गेला व तेथे साधा चौथरा झाला. स्वातंत्र्यानंतरच्या अशा स्थळांपुढे तोच आदर्श राहिला असावा, असे आम्हांस वाटते.

साताऱ्याजवळ कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. 1749 साली छत्रपती शाहू महाराज व 1761 साली महाराणी ताराबाई निवर्तल्या. दोघांच्याही समाधी येथेच. ताराबाईंनी शाहू महाराजांशी गादीकरिता किती वर्षे झुंज दिली, हे शाळेतल्या मुलासही ठाऊक आहे. हयातीत ज्यांचे एकमेकांशी पटले नाही, ती दोघे एकाच नदीच्या वाळवंटात विसावली. राजघराण्यातली माणसे असूनही नदीचा गाळ व पूर यांनी त्यांच्या दगडांची गय केली नाही. समाधी बांधली म्हणजे आठवण टिकली, असे समजणाऱ्याने माहुलीस अवश्य जाऊन यावे.

तेथून खाली आले की कऱ्हाड. येथे कृष्णा व कोयना एकमेकींस समोरासमोर येऊन भेटतात आणि मिळून पूर्वेकडे वळतात. हा प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म 1913 साली देवराष्ट्रे येथे आजोळी झाला. शिक्षण कऱ्हाडला झाले. 1960 साली ते महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, 1962 साली देशाचे संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि 25 नोव्हेंबर 1984 रोजी दिल्लीसच त्यांचे देहावसान झाले. पत्नी वेणूताई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. आयुष्याची दोन तपे राजधानीत काढलेल्या या पुरुषास अग्नी दिला गेला तो मात्र प्रीतिसंगमावर. आपल्या आत्मचरित्रास त्यांनी ‘कृष्णाकाठ’ हेच नाव दिले होते. त्यामुळे दुसरी जागा कोणाच्या मनात आली नसेल, तर त्यात नवल नाही. दर वर्षी पुण्यतिथीस सर्व पक्षांची मंडळी येथे नतमस्तक होतात. मोठ्या पुरात नदीही पायऱ्या चढून समाधिस्थळापर्यंत येते.

आणखी खाली, कृष्णेच्याच काठी, वाळवे आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांचा जन्म 1900 साली बहे बोरगाव येथे झाला. त्यांचे स्वतःचे गाव येडेमच्छिंद्र. 1930 साली तलाठ्याची नोकरी सोडून ते चळवळीत पडले आणि 1943 ते 1946 या काळातील प्रतिसरकारचे ते अध्वर्यू ठरले. गावोगावी न्यायदान मंडळे चालविणाऱ्या या सरकारास ना वाडा होता, ना कचेरी. मळ्यातली वस्ती व उसाचा फड हीच त्याची राजधानी. 6 डिसेंबर 1976 रोजी नाना गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार झाला तो ना जन्मगावी, ना वडिलोपार्जित गावी, तर वाळव्यास. भूमिगतांस पोटाशी धरणाऱ्या गावांपैकी हे एक. ज्या गावाने भाकर दिली त्याच गावची माती नानांनी मागितली, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात, 1957 च्या निवडणुकीत, नाना व यशवंतराव परस्परविरोधी बाजूंस उभे होते. नाना उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर गेले, तर यशवंतरावांनी कऱ्हाडची विधानसभेची जागा मोठ्या कष्टाने राखली. सभांतून एकमेकांवर झडलेले शब्द आता कोणास आठवत नाहीत. कऱ्हाडचे पाणी मात्र वाळव्यावरूनच पुढे जाते.

ते पाणी सांगलीस पोहोचते, तेथे नदीकाठी वसंतदादा पाटील यांची समाधी आहे. दादा 1 मार्च 1989 रोजी मुंबईस निवर्तले. ते राज्याचे मुख्यमंत्री झाले, राजस्थानचे राज्यपाल झाले. पण सांगलीकरांच्या मनात कोरलेला दिवस तो 24 जुलै 1943 चा. त्या दिवशी दादांनी साथीदारांसह सांगलीच्या तुरुंगाच्या तटावरून उडी घेतली. पोलिसांच्या गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे दोघे धारातीर्थी पडले. दादा जखमी होऊन पकडले गेले. दादांच्या समाधीवर फूल वाहणाऱ्याने या दोन नावांचा उच्चार केल्यावाचून परत फिरू नये, अशी आमची विनंती आहे.

अलीकडच्या काळात मात्र ही स्थळे नदी सोडून गेलेली दिसतात. आर. आर. पाटील 2015 च्या फेब्रुवारीत गेले. त्यांच्यावर तासगाव तालुक्यातील अंजनी या त्यांच्या दुष्काळी गावीच अंत्यसंस्कार झाले. 2018 च्या मार्चमध्ये पतंगराव कदम निवर्तले. त्यांस अग्नी दिला गेला तो वांगी येथे, सोनहिरा साखर कारखान्याच्या आवारात. संगम, आश्रयाचे गाव, जन्मगाव, कारखाना असा हा क्रम पाहिला म्हणजे आमच्या भागाचा पाऊण शतकाचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. माणूस ज्यात जीव ओततो, तेथेच त्यास ठेवावे असे त्याच्या लोकांस वाटते.

येथवर पुढाऱ्यांविषयी झाले. पण या लेखाचे खरे प्रयोजन पुढेच आहे. 9 सप्टेंबर 1942 रोजी वडूज येथे कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला व 9 जण कामास आले. हाती तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे त्यांत होते. त्यांचे स्मारक आहे, ही समाधानाची गोष्ट. पण रात्री अपरात्री भूमिगतांस भाकरी पोहोचविणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, पोलिसांचा मार खाऊनही नाव न सांगणाऱ्या शेकडो स्त्रीपुरुषांचे काय? त्यांच्या अस्थी याच नदीत गेल्या, आणि खूण म्हणून एक वीटही उरली नाही. त्यांस पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. दगडाच्या समाधीस पैसा लागतो, जागा लागते. नोंदीस एक वही पुरते.

म्हणून आपल्या संस्थेच्या सभासद कुटुंबांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे. घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे. आजा, पणजा, आजी, पणजी यांपैकी कोणी चळवळीत, गावपंचायतीत, सोसायटीत वा शाळेच्या उभारणीत काही केले असेल, तर त्यांचे नाव, गाव, निधनाचे साल व अंत्यसंस्काराचे ठिकाण स्वच्छ अक्षरात लिहून काढावे. ऐकीव ते ऐकीव म्हणून व पाहिलेले ते पाहिलेले म्हणून वेगळे लिहावे. फुगवून काहीच लिहू नये. थोरांच्या पंक्तीस बसविण्याकरिता आपल्या पूर्वजांस खोटे अलंकार चढविण्याची गरज नाही. ही टिपणे संस्थेच्या कार्यालयाकडे आली, तर ती गाववार लावून देण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू आणि पुढील स्मरणिकेत ती सर्वांपुढे ठेवता येतील.