पीएच.टी. नावाची पदवी

पीएच.डी. सगळ्यांना माहीत असते. घरटी एक नसली तरी सोसायटीत एखादी सापडतेच. पण पीएच.टी. ऐकलीय का कधी? 'पुटिंग हसबंड थ्रू', म्हणजे नवऱ्याची नौका पैलतीराला लावणे! दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या कॉलेजांमधून नवऱ्याला खरी पदवी मिळाली की बायकोला हे गमतीचं प्रमाणपत्र द्यायची पद्धत होती. बेटी फ्रीडनने १९६३ च्या 'द फेमिनिन मिस्टिक'मध्ये त्याचा उल्लेख केलाय, आणि तो काही कौतुकाने नाही.

ही पदवी आली कुठून? त्यासाठी जरा मागे जायला हवं.

२२ जून १९४४ ला 'जी. आय. बिल' नावाचा कायदा झाला. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार देणार होतं: फी आणि पुस्तकांसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत, शिवाय पोटापाण्यासाठी महिन्याला काही रक्कम. एकट्या माणसाला ५० डॉलर, घरी अवलंबून कुणी असेल तर ७५. पुढे हे आकडे ६५ आणि ९० झाले. नीट बघा, बायको-पोरांसह राहणाऱ्याला एकट्यापेक्षा फक्त २५ डॉलर जास्त!

लोंढा आला. १९४७ मध्ये अमेरिकन कॉलेजांतले जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते आणि त्यांतले पुष्कळसे लग्न झालेले. छोट्या छोट्या कॉलेज-गावांत एवढी बिऱ्हाडं ठेवणार कुठे? मग लष्कराच्या उरलेल्या बराकी, ट्रेलर, पत्र्याच्या अर्धगोल 'क्वॉन्सेट' झोपड्या आणून वसाहती उभ्या केल्या. आयोवा स्टेटच्या एम्स गावात पॅमेल कोर्ट झालं. मॅडिसनला तर जागाच पुरेना, म्हणून विस्कॉन्सिन विद्यापीठाने पन्नासेक किलोमीटरवरच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत 'बॅजर व्हिलेज' वसवलं. नवरे सकाळी बसने वर्गात जायचे. बायका-पोरं मागे, त्या वसाहतीत.

या बायका आल्या होत्या कुठून कुठून. गाव अनोळखी, नातेवाईक नाहीत, आणि गावात नोकरी देणारं एकच मोठं दार, ते म्हणजे विद्यापीठ. मग कुणी ऑफिसात टायपिस्ट झाली, कुणी लायब्ररीत चिकटली, कुणी शाळेत शिकवायला लागली. रात्री नवऱ्याचा प्रबंधही टाइप करायचा. सरकारच्या ९० डॉलरमध्ये घर चालत नव्हतं, ते या दुसऱ्या पगारावर चालत होतं. म्हणजे शिष्यवृत्त्या दोन होत्या, पण नोंद एकीचीच झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर अर्धा कोड हिने लिहिला आणि कमिट हिस्टरीत नाव फक्त त्याचं!

पीएच.टी. ही त्या दुसऱ्या शिष्यवृत्तीची पावती. पण ही पावती कुठे वटायची नाही.

ती वटवायचा प्रयत्न झाला तो थेट कोर्टात, आणि तोही घटस्फोटाच्या वेळी. न्यू जर्सीमधलं १९८२ चं 'महोनी विरुद्ध महोनी' प्रकरण एमबीएवाल्यांनी जरूर वाचावं. नवऱ्याने व्हार्टनमधून एमबीए केलं, तेव्हा सोळा महिने घर बायकोच्या पगारावर चाललं. कोर्ट म्हणालं, पदवी ही काही वाटणी करण्याजोगी मालमत्ता नव्हे. पण दोघांच्या भविष्यासाठी म्हणून जोडीदाराने पैसे घातले असतील तर ते परत मिळायला हवेत. अशा भरपाईवजा पोटगीची कल्पना तिथल्या कायद्यात या निकालाने आणली.

न्यूयॉर्क आणखी पुढे गेलं. 'ओब्रायन विरुद्ध ओब्रायन' प्रकरणातलं जोडपं १९७१ मध्ये लग्न झालेलं, दोघंही एकाच खाजगी शाळेत शिक्षक. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. १९७३ मध्ये दोघं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात गेले. तो मेडिकल कॉलेजात, ती शाळेत आणि शिकवण्यांत. स्वतःच्या कायम शिक्षक-प्रमाणपत्रासाठी तिला दीड वर्षाचं पुढचं शिक्षण हवं होतं, ते राहून गेलं. ऑक्टोबर १९८० मध्ये त्याला डॉक्टरकीचा परवाना मिळाला आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याने घटस्फोटाचा दावा लावला.

खालच्या कोर्टात हिशेब निघाला. विद्यार्थी-कर्ज सोडलं तर घरातलं ७६ टक्के उत्पन्न तिचं होतं. तिच्या बाजूच्या तज्ज्ञाने परवान्याची किंमत ४,७२,००० डॉलर काढली आणि कोर्टाने त्यातला ४० टक्के वाटा, म्हणजे १,८८,८०० डॉलर, तिला हप्त्यांनी द्यायला सांगितला. प्रकरण वर गेलं. डिसेंबर १९८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने मान्य केलं की संसारात मिळवलेला परवाना ही संसाराची मालमत्ता आहे.

बहुतेक राज्यांनी हा मार्ग धरला नाही. माणसाच्या पुढच्या तीस वर्षांच्या कमाईची किंमत आज कशी काढणार, हा प्रश्न काही खोटा नव्हता. उद्या डॉक्टरने शेती करायची ठरवली तर? शेवटी २०१६ पासून खुद्द न्यूयॉर्कनेही कायदा बदलला. आता तिथे परवान्याची वाटणी होत नाही, पण इतर मालमत्ता वाटताना जोडीदाराने दिलेली साथ कोर्टाला लक्षात घ्यावी लागते.

आता आपल्याकडे वळू. एम्स, अर्बाना, कॉलेज स्टेशन ही नावं आज पुण्या-मुंबईतल्या घरांत कोथरूड-दादरइतकी सहज येतात. बायको पीएच.डी.ला आणि नवरा सोबत, हेही आता नवलाचं राहिलेलं नाही. पण एक मोठा फरक आहे. बॅजर व्हिलेजमधल्या बाईला नोकरी करता येत होती. एफ-१ विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ व्हिसा मिळतो आणि त्यावर नोकरी करताच येत नाही. २०१५ पर्यंत पदवीच्या दिशेने शिकताही येत नव्हतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात नियम बदलला आणि अर्धवेळ शिकायची परवानगी मिळाली. पूर्णवेळ शिकायचं तर स्वतःचा विद्यार्थी-व्हिसा काढा.

म्हणजे काय झालं बघा. पूर्वी पगाराचा आकडा तरी होता, कोर्टात ७६ टक्के म्हणून दाखवता आला. पुण्यातली नोकरी सोडून अनोळखी गावात पाच वर्षं घर सांभाळणाऱ्याकडे दाखवायला काय? रेझ्युमेमधली पाच वर्षांची रिकामी जागा. बस्स. खरं तर तीही गुंतवणूकच. पण जी मिळकत कधी झालीच नाही, तिची पावती कोण देणार?

घटस्फोटाच्या गोष्टी सांगून कुणाला घाबरवायचं नाहीये, बहुतेक संसार कोर्टाची पायरी न चढता चालतात. पण संसार टिकला म्हणून ती पाच वर्षं परत येत नाहीत. आणि हा विषय तिकीट काढण्याआधी बोलायचा असतो. किती वर्षं? त्या काळात हिने किंवा याने काय करायचं? आणि नंतर कोण कुणासाठी थांबणार?

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात याचं एक छान उत्तर सापडतं. तिथे १९८५ पासून, एकाच्या शिक्षणावर संसारातला पैसा खर्च झाला असेल तर घटस्फोटात तो परत करावा लागतो. पण दुसऱ्याच्याही शिक्षणाला संसाराने तसाच पैसा घातला असेल, तर ही परतफेड कमी होते किंवा माफही होते. थोडक्यात, आळीपाळीने शिकलात तर फिटंफाट!