परुळेकर, नारायण भिकाजी
(२० सप्टेंबर १८९७–८ जानेवारी १९७३). मराठी पत्रकार व दैनिक सकाळचे संस्थापक-संपादक. नानासाहेब या नावाने परिचित. कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी पुण्यात सकाळ सुरू केला. अग्रलेखांनी गाजणाऱ्या मराठी वृत्तपत्रसृष्टीत त्यांनी सामान्य वाचकाच्या रोजच्या प्रश्नांना बातमीचे स्थान दिले. प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाचे ते अध्यक्ष होते.

त्यांच्या काळातील सर्वांत मोलाची लढाई न्यायालयातली. १९६० च्या सरकारी आदेशाने दैनिकाची पाने त्याच्या किमतीशी बांधली. सकाळ ७ नव्या पैशांत आठवड्याला ३४ पाने देत असे. आदेशानुसार त्या किमतीत २४ च देता आली असती. सकाळबरोबर दोन वाचकांनीही याचिका केली, हे विशेष. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा आदेश व त्यामागील कायद्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या खटल्यांत हा निवाडा आजही आधारभूत मानला जातो.

उच्च शिक्षणासाठी विद्यार्थ्यांना साहाय्य करणारी इंडिया फाउंडेशन ही संस्था त्यांनी १९५९ मध्ये स्थापन केली. पुढे ती सकाळ इंडिया फाउंडेशन झाली. निरोप घेता हे त्यांचे आत्मचरित्र.