बेचाळीस मीटरवरची खरखर

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपून धरमपेठेतल्या एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. गृहस्थ हौशी रेडिओवाले. सरकारी परवाना काढून देशोदेशींच्या लोकांशी बिनतारी गप्पा मारण्याचा त्यांचा नाद. बाहेर फटाक्यांचा दणदणाट आणि हे कानाला यंत्र लावून बसलेले! मी म्हटले, "आज तुम्हाला काय ऐकू येणार?" तर म्हणाले, "गुरुजी, फटाक्यांचं काही नाही हो. ती गॅलरीतली विजेची माळ आधी बंद करा!" माळ बंद केली आणि खरखर निम्म्यावर आली. यंत्रावर आकडा होता ७०८०. तो पाहून माझ्या मनात वेगळेच गणित जुळले.

सेकंदाला ७० लाख ८० हजार आवर्तने, म्हणजेच ४२.३४ मीटर लांबीची लहर. १९४२ साली 'काँग्रेस रेडिओ' हिंदुस्थानातल्या कुठल्याशा ठिकाणाहून बोलत असल्याचे सांगे, तेव्हा हाच आकडा उच्चारी. बोलणाऱ्यांत उषा मेहता ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी होती. राममनोहर लोहियांचे साहाय्य होते. हौशी मंडळींचे परवाने १९३९ साली युद्ध सुरू होताच रद्द झाले होते. सगळ्यांची तोंडे बंद केलेल्या त्या पट्ट्यातच हा आवाज उमटला, हे मला फार आवडते.

नागपूरकराला या आवाजाचे अगत्य का, ते आता सांगतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी या गावी मोर्चे निघाले, गोळीबार झाला, माणसे पडली. जमावानेही पोलिसांचे व अंमलदारांचे प्राण घेतले. मग चिमुरात लष्कर शिरले आणि बायाबापड्यांवर जे गुदरले ते लिहिताना आजही हात अडखळतो. दोन्ही गावे नागपूरहून साठेक मैलांवर. पण वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधलेल्या! ही बातमी माणसांच्या तोंडून मुंबईला गेली. आष्टी-चिमूरची हकीगत आपण प्रथम सांगितली, असे उषाबेन पुढे अभिमानाने सांगत. शेजारच्या गावचा आक्रोश ऐकायचा तर तो मुंबईहून, सुमारे ७०० किलोमीटरवरून, आकाशातल्या विद्युत्भारित थरावर आदळून परत येणार, तेव्हा!

आणि येणार तो खरखरीसकट. ही खरखर कुठली? भाद्रपद-आश्विनात आपल्याकडे विजा कडाडतात. प्रत्येक वीज म्हणजे एक मोठे, बेशिस्त प्रक्षेपणच. शेकडो मैलांवरच्या वादळाचा कडकडाटही त्याच थरावरून उडी मारून आपल्या एरियलवर येऊन पडतो. यंत्राच्या पोटातही एक सळसळ असते. तारेतल्या विद्युत्कणांच्या उष्णतेने होणाऱ्या अखंड चुळबुळीची ती सळसळ जॉन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२८ साली मोजून दाखवली. पण चाळीस मीटरच्या आसपास बाहेरचा गोंगाट एवढा मोठा असतो की पोटातली सळसळ त्यात बुडून जाते. म्हणजे सावकाराच्या दिवाणखान्यातला भारी रेडिओ काय आणि मास्तराचा साधा डबा काय, विजेपुढे दोघांची पत सारखीच! माझ्यासारख्याला हा न्याय बरा वाटतो.

भारी यंत्राचा वरचष्मा दुसरीकडे असतो, तो फिल्टरमध्ये. फिल्टर म्हणजे लहरींची चाळणी. हव्या त्या आकड्याभोवतीची एक पट्टी आत घ्यायची, बाकी सारे बाहेर ठेवायचे. १९३२ साली जेम्स लँब या अमेरिकन हौशी तंत्रज्ञाने गारेच्या स्फटिकाची अशी बारीक चाळणी रेडिओत बसवली, की शेजारची स्टेशने जवळजवळ पुसली गेली. पट्टी निम्मी केली की सळसळीचा जोरही निम्मा होतो. मग ती बारीकच का करीत जाऊ नये?

हाच प्रश्न मी त्या रात्री स्नेह्यांना विचारला. ते काही न बोलता बटण फिरवू लागले. कोणीतरी हिंदीत बोलत होते. सळसळ ओसरली, पण त्याबरोबर बोलणाऱ्याचे दातही पडल्यासारखे झाले! माणसाच्या बोलण्यातले स, श, ष, च, ट हे वर्ण उंच आवर्तनांवर राहतात आणि आकुंचित चाळणीत आधी तेच अडकतात. स्वर तेवढे खाली उरतात. मी मनाशी 'आष्टी' म्हणून पाहिले. ष्ट गेला तर उरते काय? आ आणि ई. 'चिमूर'चा च गेला तर एक हुंकार. शिवाय चाळणी फार अरुंद केली की विजेचा क्षणभराचा तडाखा तिच्यात घंटेसारखा घुमत राहतो. जी खरखर टाळायची तीच लांबते. तेव्हा त्या वेळच्या श्रोत्याला शब्द हवा असेल, तर थोडा गोंगाट सोसणे भाग होते. कडकडाटांमधल्या फटीत कान घालून, पडलेली अक्षरे मनानेच भरून घ्यायची. आपल्याला परिचित असलेले गावाचे नाव असे अर्धवट ऐकूनही पुरे होते, हा एक दिलासा.

मुंबईत ही मंडळी जागा बदलत फिरत होती. चौपाटीवरचे सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, गिरगावातली पारेखवाडी. शेवटी महालक्ष्मीजवळच्या घरी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस आले. वाट दाखवणारा त्यांचाच तंत्रज्ञ होता. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

त्याच्या आदल्याच दिवशी चिमूरच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी सेवाग्रामी उपवास आरंभला होता. त्याच्या बातम्या छापायलाही पत्रांना बंदी झाली. तो उपवास ६३ दिवस चालला आणि १२ जानेवारी १९४३ रोजी सुटला.

स्नेह्यांच्या नातवाने एवढ्यात माळ पुन्हा लावली. यंत्रातला माणूस त्या खरखरीत बुडाला, आणि आम्ही चिवड्याच्या ताटाकडे वळलो.