परतून आलेला डॉक्टर

आमच्या सिहोऱ्याच्या बाजूला आषाढात रोवणी लागली की एका गावची माणसे दुसऱ्या गावच्या बांध्यांत उतरतात. कोणत्या बांधीत कोणते पऱ्हे लावायचे, हे ज्याची बांधी आहे तो सांगतो. मदतीला आलेला कितीही हुशार असला तरी स्वतःच्या मर्जीने रोवत नाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही; पण परदेशी जाऊन सेवा करण्याच्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला तो वारंवार आठवतो.

अलीकडे सहल आणि सेवा यांची सांगड घालण्याची रीत जगभर रूढ झाली आहे. दोन आठवडे परक्या देशात राहायचे, शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना चार इंग्रजी शब्द शिकवायचे आणि परतायचे. हेतू निर्मळ असतो, हे मान्यच. परंतु कंबोडियात या ओघाबरोबर अनाथालयेही वाढली आणि त्यांतील बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असल्याचे आढळून आले. पाहुण्यांच्या दयेला अनाथ हवे होते. ते पुरवले गेले. अशा वेळी मदत नेमकी कुणाच्या गरजेतून सुरू होते, हे विचारणे भाग पडते.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच इतिहासात आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून सेनापती झू दे यांनी १९३७ च्या अखेरीस पंडित नेहरूंना पत्र पाठवून वैद्यकीय साहाय्य मागितले. पुढल्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले, निधी उभा राहिला आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. पथकप्रमुख डॉ. अटल नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले; कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, सोलापूरचे सत्तावीस वर्षांचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर, पथकाचे उपप्रमुख व वयाने सर्वांत ज्येष्ठ.

या पाहुण्यांनी कामाची जागा स्वतः निवडली नाही. हंकाऊ, यीचांग, चुंगकिंग अशा मुक्कामांवर सांगितले ते काम करीत ते फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. तेथील लोकांच्या पद्धतीने नावेही घेतली. त्या प्रत्येक नावाच्या शेवटी चीनचा वाचक असा 'हुआ' हा शब्द होता. कोटणिसांचे नाव के दीहुआ झाले. वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना चीनमध्येच कळली, तरी ते परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये वारल्यावर त्यांच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाची सूत्रे १९४१ मध्ये कोटणिसांकडे आली. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. मूल काही महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस.

ही कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी चित्रपट काढून स्वतः कोटणिसांची भूमिका केली. अब्बासांच्या पुस्तकाच्या नावातच न परतलेल्या एकाचा उल्लेख आहे. सगळी स्मृती त्या एकावर स्थिरावली, आणि परतलेले चौघे तळटीपेत गेले.

आमचे म्हणणे येथेच आहे. डॉ. चोळकर १९३९ मध्येच मायदेशी परतले. वयस्क माणसाने नागपुरातील बसलेली घडी मोडून, बॉम्बहल्ल्यांच्या छायेत, चिखलमातीच्या वाटांनी येनान गाठले होते. त्यांचे काम लहान होते असे म्हणण्याचे धैर्य आम्हांला नाही. भंडाऱ्याच्या माणसाला मोठ्या दवाखान्यासाठी ज्या नागपूरचीच वाट धरावी लागते, त्या नागपूरच्या या डॉक्टरांचे नाव आमच्यापैकी कितीजणांना कधी सांगितले गेले? सेवेचे मोजमाप मरणाने करण्याची सवय आपल्याला जडली आहे. तिच्यामुळे हुतात्मे मिळतात खरे. पण सामान्य माणसाच्या हाती अनुकरणीय असे काही उरत नाही. कोटणीस होणे कुणालाच सुचवता येत नाही. चोळकर होणे मात्र सुचवता येते.

मग दोन आठवड्यांचा प्रवासी आणि काही महिन्यांनी परतलेला डॉक्टर यांत फरक तो काय? मुदत हा फरक नव्हे, असे आम्हांला वाटते. चोळकरांना बोलावणे होते. त्यांच्याजवळ यजमानांना हवी असलेली विद्या होती. आणि काम कोणते, हे यजमान ठरवीत होते. ही मदत तटस्थ होती असेही नाही. परतंत्र देशाने आक्रमणाखालच्या देशाची बाजू घेतली होती, आणि कोटणीस तर पुढे चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्यही झाले. तरीही वरच्या तिन्ही गोष्टी टिकतात.

परदेशी सेवेला निघणाऱ्या आजच्या तरुणाला थांबवावे, असे आम्ही म्हणत नाही. त्याने जावे, आणि परतही यावे. फक्त निघण्यापूर्वी एवढे विचारावे, की बांधी कुणाची, आणि पऱ्हे लावायला आपल्याला बोलावले आहे काय.