मडके, कुंडी आणि जातीचा धंदा

“शिकून-सवरून शेवटी मडकीच विकायची का?”

हाताने घडवलेल्या कुंड्यांचा छोटा धंदा सुरू करू पाहणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींना घरातून हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. शहरात गॅलरीत आणि गच्चीवर बाग करणारे आहेत, चांगल्या कुंडीला गिऱ्हाईक आहे, सुरुवातीला भांडवलही थोडे लागते. मग घरच्यांची हरकत कशाला? आम्ही ही हरकत मागासलेली म्हणून उडवून लावत नाही. तिच्यामागे इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय या धंद्यात उतरू नये असे आमचे मत आहे.

मडक्याची आपली आठवण काय आहे? पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याची थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून त्याला गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपली माणसे प्यायली. त्यानंतर सनातन्यांनी १०८ मडक्यांतल्या पाण्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून, मंत्र म्हणत ते तळ्यात ओतले आणि तळे ‘शुद्ध’ केले. म्हणजे माती तीच, मडकेही तेच. एकदा ते आपल्याला बाटगे ठरवायला वापरले आणि एकदा आपला ‘विटाळ’ धुवायला.

आणि ते मडके घडवणारा कुंभार? तोही या उतरंडीत खालच्याच पायरीवर होता. बलुतेदार म्हणून त्याने वर्षभर गावाला मडकी पुरवायची आणि सुगीला खळ्यावर जे धान्य पदरात पडेल ते घ्यायचे. मडक्याला किंमत नव्हती आणि मजुरीला दर नव्हता. महारकीचे तेच. रात्रंदिवस राबणूक, मोबदला मात्र तुटपुंजे वतन आणि बलुते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले. काम जन्माने ठरते तेव्हा त्याचा दर ठरत नाही, हा बलुत्याचा खरा धडा आहे.

पुढे इंग्रजी अंमलात बाजार आला. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. १८७०च्या दशकात तिथे जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली मातकाम सुरू झाले. अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी घेतलेली ही चकचकीत भांडी परदेशी प्रदर्शनांत आणि संग्रहालयांत पोहोचली. मातीला ‘कला’ म्हणून भाव आला. पण नाव राहिले ते संस्थेचे आणि साहेबाचे. चाकावर आणि भट्टीपाशी राबलेले बहुतेक हात निनावीच गेले. आजही तेच चालते. रस्त्याकडेला बसलेल्या कुंभाराकडे आपण कुंडीसाठी घासाघीस करतो आणि तीच कुंडी मोठ्या दुकानात ‘हँडमेड’ची चिठ्ठी लावून आली की मुकाट्याने अनेक पट पैसे मोजतो. वाढीव पैसा दुकानाच्या जागेचा, भांडवलाचा आणि नावाचा असतो. मातीतल्या हाताला त्यातले काय मिळते?

धारावीचा कुंभारवाडा पाहा. सौराष्ट्रातून आलेले हे कुंभार आधी दक्षिण मुंबईत होते. शहर वाढले तसे त्यांना तिथून उठवले आणि १९३०च्या दशकात ते धारावीत येऊन वसले. त्यांनी तिथे आवे बांधले, कापडाच्या चिंध्यांवर माल भाजला, आणि पाण्याच्या माठांबरोबर पणत्या आणि कुंड्यांचा बाजार उभा केला. कुणाच्या मेहेरबानीवर हे उभे राहिले नाही. पण त्यांचे राहते घर आणि कारखाना एकच आहे. पुनर्विकासात घर मिळेल, पण माल वाळवायला अंगण आणि भाजायला आवा मिळेल का, हा त्यांचा प्रश्न आहे. कसब असूनही जागेवर हक्क नसेल तर धंदा कायम दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो.

म्हणून मग ‘परंपरागत कारागिरांना मदत’ अशी भाषा आली की आम्ही कान टवकारतो. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी शाळेची वेळ अर्धी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी आई-बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून झोडपले. राजाजी गेले, कामराज आले आणि १९५४ साली ती मागे घेतली गेली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात अठरा धंदे आहेत, कुंभारकामही आहे. कर्ज आधी एक लाख, मग दोन लाख, व्याज ५ टक्के. पैसा वाईट नाही, गरजू कारागिराने तो जरूर घ्यावा. पण धंदा कुटुंबाचा परंपरागत असावा आणि वय अठरा पुरेसे, या दोन गोष्टी एकत्र वाचा. कॉलेजात जायच्या वयात पोराला बापाच्या चाकावर बसवण्याची ही सोय नाही का? तमिळनाडू सरकारने २०२४ साली याच मुद्द्यावर ही योजना नाकारली.

याच्या उलट उदाहरण जोतीराव फुल्यांचे आहे. घराण्याचे काम फुलांचे आणि बागेचे. पण जोतीरावांनी बांधकामाची कंत्राटे घेतली, ओतकामाचे साहित्य विकले, शेतीही केली, आणि स्वतःच्या कमाईच्या बळावर सत्यशोधक चळवळ चालवली. धंदा त्यांनी निवडला होता. तरी निवड पुरेशी नसते. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळताच गिऱ्हाईक तुटले. बाजारालाही जात दिसते.

मग कुंड्यांचा धंदा करावा का? आमचे उत्तर: जरूर करावा, पण बलुतेदार म्हणून नव्हे.

पहिली गोष्ट, हिशेब. माती, जळण, वाहतूक, आव्यात तडकलेला माल, पावसाळ्यात वाळत नाही म्हणून बुडालेले दिवस, हे सगळे धरा. आणि स्वतःची मजुरी आधी धरा. “घरचेच काम आहे” म्हणून ती सोडून देणे हा बलुत्याचाच संस्कार आहे. घरातल्या बाईने रंगवलेल्या कुंडीची मजुरीही त्यात आली पाहिजे.

दुसरी, सुरुवात छोटी ठेवा. आवा नसेल तर साच्यातली सिमेंटची कुंडी करा: एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, बुडाला पाणी निथळायचे भोक, आणि साच्यातून काढल्यावर निदान सात दिवस ओली ठेवायची. दोन-तीनच आकार धरा, जवळच्या नर्सरीला नमुने द्या, मागणी पाहून वाढवा. मुद्रा योजनेतल्या ५० हजारांपर्यंतच्या शिशु कर्जाला घराण्याच्या धंद्याची अट नाही.

तिसरी, मातीच्या कुंड्या कुंभाराकडून घेत असाल तर त्याला भाव पाडून मागू नका. त्याला भागीदार करा आणि त्याचे नाव कुंडीवर घाला. नाहीतर जे. जे.च्या साहेबात आणि आपल्यात फरक काय?

जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. कुंभाराच्या पोरीला चाक सोडून वकील होता आले पाहिजे आणि महाराच्या पोरीला वकिली सोडून चाकावर बसता आले पाहिजे. दोघींच्या कामाला दर आणि नाव मिळेल, त्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांचा तो प्रश्न आपोआप संपेल.

जय भीम!