शिंदीच्या मडक्यातले औषध

मन हलके करण्यासाठी एखादे द्रव्य घ्यावे की घेऊ नये, हा वाद जुना आहे. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात गोंडांच्या देवकार्यात मोहाच्या दारूला मान असतो. ती कशाची आहे, किती चढते, हे पिणाऱ्याला ठाऊक असते. निजामी राजवटीत आबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन ठरले. नशा हा मनाबरोबर तिजोरीचाही विषय झाला.

खरा पेच मात्र निराळाच आहे. तेलंगणात शिंदीची झाडे अपुरी आणि गिऱ्हाईक उदंड. मग पाण्यात गोडी आणून त्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम मिसळण्याचा धंदा फोफावला. क्लोरल हायड्रेट १८६९ पासून झोपेचे औषध म्हणून वापरात आले. पुढची दोन्ही चिंता शमविणारी. २०१५ साली भेसळीवर कारवाई झाली, तेव्हा निजामाबाद, महबूबनगर भागांतील कित्येकांना कंप, झटके, भ्रम सुरू झाले. त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. आपल्याला कशाची सवय जडली आहे, याची त्यातील बहुतेकांना कल्पनाही नसावी!

येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. तेच अल्प्राझोलाम डॉक्टरांच्या चिठ्ठीने, ठरावीक मुदतीसाठी, परिणाम समजून घेतले तर तो उपचार होय. दिवसभर राबलेल्या मजुराने घटकाभर चैन मागितली, म्हणून मी त्याला पापी म्हणणार नाही. परंतु न सांगता त्याच्या पेल्यात औषध घालणारा त्याचा निर्णयच हिरावून घेतो.

मग सरसकट बंदी हाच उपाय का? आंध्र प्रदेशात जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये उठली. तिच्या मुळाशी नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंट्याच्या स्त्रिया होत्या. साक्षरता वर्गात अक्षरे गिरवता गिरवता त्यांनी गावातील सारा बंद पाडला. त्यांना आपल्या घरात काय चालले आहे ते उमगले होते. कायदा मागाहून आला.

म्हणून भेसळ करणाऱ्यास शिक्षा हवीच. पण सवय जडलेल्यास एकाएकी वाऱ्यावर सोडणे हाही अन्यायच. त्याला वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू सोडवावे लागते. आणि मडक्यात काय आहे, हे मराठी, तेलुगू, गोंडी अशा तिन्ही भाषांत गावोगावी सांगावे लागते. ते काम शाळांचेही आहे.